कुंपणावरची सही

आमच्या आणि माईंच्या अंगणामध्ये तारेचं कुंपण आहे. गोकर्णीच्या वेलानं ते झाकलंय, पण एका जागी तार दबून खळगा पडलाय. गेल्या वीस वर्षांत त्या खळग्यातून विरजण गेलंय, कढीपत्ता आलाय, लग्नाच्या पत्रिका गेल्यात आणि गल्लीतली झाडून सगळी गुपितं दोन्हीकडून वाहिली आहेत. परवा संध्याकाळी तिथून एक कागद आला.

“घे, सही कर,” माई म्हणाल्या. पलीकडे स्टुलावर बसून त्या पावटा सोलत होत्या. सूप मांडीवर.

“कसला अर्ज?”

“गल्लीच्या तोंडाला दिवा हवा म्हणून. बावीस घरांच्या झाल्या, तुझी तेविसावी.”

“करते हो. पण माई, सह्यांनी दिवे लागत असते तर बारा महिने दिवाळीच असती.”

माईंनी हातातली शेंग सुपात ठेवली आणि चष्मा नाकावर वर सरकवला. चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेली बाई चष्मा वर सरकवते, तेव्हा गॅस बंद करून यावं हे उत्तम. आत मंगल भांडी घासत होती. तिला म्हटलं, कुकर उतरव, आणि पुन्हा कुंपणाशी आले.

“सहीनं काय होतं म्हणतेस? अगं, बायकांच्या सह्यांना वैतागून अमेरिकेच्या संसदेनं आठ वर्षं कान बंद करून घेतले होते.”

“कुठल्या बायका?”

“गुलामगिरीविरुद्धच्या मंडळांतल्या. आपलं महिला मंडळ असतं ना, तस्संच. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, वर्गणी, ठराव, आणि सभा संपल्यावर घरी जाताना एकमेकींची उणीदुणी.”

“म्हणजे भांडणंही?”

“भांडणं तर अशी, की तू रात्रीचा स्वयंपाक विसरशील.”

एवढं ऐकल्यावर तिथून हलणं शक्यच नव्हतं. मीही सुपातल्या मूठभर शेंगा उचलल्या.

माईंनी सुरुवात केली फिलाडेल्फियापासून. १८३३ चा डिसेंबर. ठिकठिकाणची साठेक माणसं जमली आणि ‘अमेरिकन अँटी-स्लेव्हरी सोसायटी’ स्थापन झाली. अध्यक्षपद न्यूयॉर्कचे रेशमाचे व्यापारी आर्थर टॅपन यांच्याकडे आणि जाहीरनामा लिहायचं काम विल्यम लॉइड गॅरिसनकडे.

“हा गॅरिसन म्हणजे बॉस्टनचा छापखानेवाला. टक्कल, चष्मा, दिसायला अगदी शाळामास्तर. पण लेखणी म्हणजे तिखटाची पूड! १८३१ पासून ‘लिबरेटर’ नावाचं साप्ताहिक काढायचा. गुलामांना हळूहळू सोडा, बेताबेतानं सोडा, म्हणणारे पुष्कळ होते. हा म्हणायचा, आत्ताच्या आत्ता सोडा, आणि मालकांना भरपाई एक छदाम मिळणार नाही. तो जाहीरनामा त्यानं रात्रभर जागून लिहिला. कुठं, तर जेम्स मॅक्रमिल नावाच्या काळ्या दंतवैद्याच्या घरी, माळ्यावरच्या खोलीत.”

“आणि बायका?”

“होत्या ना. ल्युक्रेशिया मॉट होती. क्वेकर पंथातली. त्या पंथात बायकांना सभेत बोलायची मुभा, म्हणून तिची भीड चेपलेली. मसुदा वाचून झाला तशी ती उठली आणि तिनं शब्द थोडे मागंपुढं करायला सुचवलं. पुरुषांनी ते मानलं. मग सह्या झाल्या. सह्या करणाऱ्यांत तीन काळे पुरुषही होते. मॉटबाईची सही मात्र नाही.”

“अडवलं कुणी?”

“तीच तर गंमत आहे. कुणी अडवलं नाही, कुणाला सुचलंच नाही. तीस वर्षांनी मॉटबाई स्वतःच म्हणाली, आपण सही करावी हे तेव्हा आमच्याही मनात आलं नव्हतं.”

माईंनी चार-पाच शेंगा मुकाट्यानं सोलल्या. मग हसल्या.

“थोडेच दिवस गेले, आणि याच बायकांनी फिलाडेल्फियात आपलं वेगळं मंडळ काढलं. आता अध्यक्षस्थानी बसायचं कुणी? ठराव कसा मांडतात, मतं कशी घेतात, एकीलाही ठाऊक नाही. शेवटी त्या मॅक्रमिललाच बोलावलं. म्हणजे बायकांच्या मंडळाची पहिली सभा चालवली दंतवैद्यानं!”

“आमच्या हळदीकुंकवाचा हिशेब अजून हेच लिहितात,” मी म्हटलं.

“तुझं तू बघ. पण त्या शिकल्या हो. आणि एक सांगू? त्या मंडळात पहिल्या दिवसापासून काळ्या बायका होत्या. जहाजांची शिडं बनवणारे फोर्टन म्हणून मोठे काळे कारखानदार होते, त्यांची बायको आणि मुली होत्या. आणि सेलम गावात तर काळ्या बायकांनी त्याच्या आदल्याच वर्षी स्वतःचं मंडळ काढलं होतं. गोऱ्या बायकांची वाट बघत त्या बसल्या नव्हत्या.”

“लोकांनी त्रास नाही दिला?”

“त्रास?” माईंनी सूप खाली ठेवलं. माईंचं सूप खाली गेलं की आता मारामारी येणार. “१८३५ च्या उन्हाळ्यात टॅपन-गॅरिसनच्या सोसायटीनं पत्रकांचे गठ्ठेच्या गठ्ठे टपालानं दक्षिणेत पाठवले. चार्ल्स्टनच्या लोकांनी ते टपाल कचेरीतून उचलून नेले आणि त्यांची होळी केली. वर गॅरिसनचा आणि टॅपनचा पुतळा जाळला. पण तो दक्षिणेचा मुलूख. खरी गंमत बॉस्टनची. तिथल्या बायकांच्या मंडळाची सभा ऑक्टोबरात होती. गावात अफवा उठली की जॉर्ज थॉम्पसन नावाचा इंग्रज वक्ता येणार. लगेच हस्तपत्रकं निघाली. थॉम्पसनवर जो पहिला हात टाकेल त्याला शंभर डॉलर बक्षीस! आणि हा जमाव काही गुंडापुंडांचा नव्हता बरं. व्यापारी, पेढीवाले, चांगले कोटबिट घातलेले.”

“त्यांना काय पडलं होतं?”

“कापूस गं! दक्षिणेत गुलामांनी कापूस पिकवायचा, उत्तरेतल्या गिरण्यांनी विणायचा, पेढ्यांनी कर्ज द्यायचं. गुलाम ठेवलेला नसला तरी सगळ्यांचं पोट त्याच सुतात गुंतलेलं. थॉम्पसन तर आलाच नव्हता. आत तीसेक बायका शांतपणे सभा चालवताहेत, जिन्यात आरडाओरडा. नगराध्यक्ष धावत आला, म्हणाला, बायांनो, घरी जा. मराया वेस्टन चॅपमन म्हणून बाई होती, नाकी डोळी देखणी आणि करारी. तिनं सुनावलं, की इथं जर बोलता येत नसेल तर इथंच मेलेलं काय वाईट! पण मग ठरवलं, जायचं, मात्र असंतसं नाही. प्रत्येक गोऱ्या बाईनं एकेका काळ्या बाईचा हात धरला आणि त्या जमावातून जोडीजोडीनं चालत बाहेर पडल्या. गेल्या कुठं? चॅपमनबाईच्या घरी. उरलेली सभा पुरी केली!”

“आणि ते टक्कलवाले?”

“गॅरिसन मागच्या खिडकीतून उडी मारून सुताराच्या कारखान्यात लपला. सापडला. अंगाला दोर बांधून रस्त्यातून ओढला. शेवटी जीव वाचावा म्हणून त्याला एक रात्र तुरुंगात ठेवलं.”

मी श्वास सोडला. “आणि थॉम्पसनसाहेब सुखरूप?”

माईंचा चेहरा एकदम उजळला. याच प्रश्नाची वाट बघत होत्या.

“तो सुटला, इंग्लंडला परत गेला, आणि मग कुणाच्या बाजूनं उभा राहिला, सांग बघू. आमच्या साताऱ्याच्या!”

माईंचं माहेर सातारा. कुठलीही गोष्ट त्या तिथवर नेतात हे मला ठाऊक आहे. पण बॉस्टनहून थेट अजिंक्यताऱ्यावर जातील असं वाटलं नव्हतं.

“खोटं नाही सांगत. प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये कंपनी सरकारनं गादीवरून उतरवून काशीला धाडलं ना? रंगो बापूजी गुप्ते दाद मागायला लंडनला गेले आणि चौदा वर्षं तिथं झगडत राहिले. साताऱ्यातल्या ‘चार भिंती’वर फिरायला जायचो तेव्हा वडील ही गोष्ट सांगायचे. त्या वेळी कंपनीच्या भागधारकांच्या सभेत उभं राहून महाराजांची बाजू मांडणाऱ्यांत हा जॉर्ज थॉम्पसन होता. ज्याच्यासाठी बॉस्टनमध्ये शंभर डॉलरचं इनाम लागलं होतं, तोच. महाराज १८४७ मध्ये काशीतच वारले, गादी काही परत मिळाली नाही. पण बोलला तो. माणसाची एकदा जीभ सुटली की ती एकाच देशापुरती राहत नाही.”

तेवढ्यात मंगल मागच्या दारात आली. “वैनी, भांडी झाली. कणीक मळून ठेवू का?”

“ठेव गं,” म्हटलं आणि पुन्हा वळले. “लग्नबिग्न, प्रेमप्रकरण काही नाही का यात? नुसते ठरावच?”

“आहे की! अँजेलिना ग्रिम्के. साउथ कॅरोलायनातल्या न्यायाधीशाची मुलगी, घरात गुलामांचा राबता. ते बघवेना म्हणून ही आणि हिची थोरली बहीण सारा, दोघी घर सोडून उत्तरेत आल्या आणि भाषणं द्यायला लागल्या. आतलं सगळं बघितलेलं, त्यामुळं यांना कोण खोटं पाडणार? थिओडोर वेल्ड हा चळवळीतला फर्डा वक्ता. दोघांचं जमलं. १४ मे १८३८ ला फिलाडेल्फियात लग्न. त्या काळच्या कायद्यानं बायकोची मालमत्ता नवऱ्याची व्हायची; यानं लग्नातच सांगितलं, मला असला हक्क नको. आणि केक!”

“केकचं काय?”

“काळ्या हलवायाकडून करून घेतला, आणि त्यात गुलामांच्या श्रमाची साखर चिमूटभरही नाही. गुलामांनी पिकवलेला ऊस नको, कापूस नको, असं व्रतच होतं त्यांच्यातल्या पुष्कळांचं. आपल्या स्वदेशीच्या कितीतरी आधी! लग्नाला घरचे जुने गुलामही पाहुणे म्हणून आले होते. आता पुढं ऐक. लग्न झालं सोमवारी आणि बुधवारी रात्री नवी नवरी व्यासपीठावर!”

“हळद उतरायच्या आत?”

“हो ना! झालं असं, की या मंडळींना सभेला जागाच कुणी देईना. चर्चवाले दारं लावून घेत. म्हणून वीस-वीस डॉलरचे भाग विकून चाळीसेक हजार डॉलरचं स्वतःचं सभागृह बांधलं, पेनसिल्व्हेनिया हॉल. त्याच सोमवारी उघडलं. बुधवारी अँजेलिना बोलायला उभी राहिली आणि बाहेरून दगड सुरू. खिडक्यांच्या काचा खळाखळा खाली. ही तासाभराहून जास्त बोलली. थांबली नाही. उलट दगडांचा आवाज आला की तोच धागा पकडून पुढं बोलायची. त्याच रात्री ॲबी केली नावाची एक तरुण शिक्षिका पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या सभेपुढं उभी राहिली. हिचं नाव लक्षात ठेव, पुढं हिच्यावरूनच महाभारत झालं.”

“आणि सभागृह?”

“गुरुवारी निरोप आला की काळ्या बायकांनी तेवढं सभेला येऊ नये, म्हणजे लोक शांत होतील. बायकांनी तो उडवून लावला. संध्याकाळी नगराध्यक्षानं किल्ल्या ताब्यात घेतल्या, जमावाला दोन गोड शब्द सांगितले आणि घरी गेला. तो गेला, आणि लोकांनी हॉल पेटवला. आगीचे बंब आले, पण पाणी मारलं शेजारच्या इमारतींवर. चार दिवसांचं सभागृह, राख झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी या बायका सारा प्यू नावाच्या बाईच्या शाळेत जमल्या आणि ठराव केला, की काळ्या लोकांशी आपलं येणंजाणं, उठणंबसणं आणखी वाढवायचं.”

मी शेंगा सोलायची विसरले होते. माई मात्र हातानं काम करतच होत्या.

“आता तुझ्या सह्यांकडं येते. बायकांना मत नव्हतं, पण सरकारकडं अर्ज करायचा हक्क होता. तेवढा एकच. मग छापील अर्ज घेऊन त्या दारोदार हिंडल्या. कुणी दार आपटायचं, कुणी म्हणायचं, यजमानांना विचारून सांगते. कागदाला कागद चिकटवून भेंडोळी केली आणि संसदेत धाडली. मागणी काय, तर निदान राजधानीच्या मुलखात तरी गुलामगिरी बंद करा. इतके अर्ज आले, की १८३६ मध्ये प्रतिनिधिगृहानं नियमच केला. गुलामगिरीवरचा अर्ज आला की न वाचता, न बोलता बाजूला टाकायचा.”

“झालं! म्हणजे सह्या वायाच.”

“थांब गं. जॉन क्विन्सी ॲडम्स होते, पूर्वी राष्ट्राध्यक्ष झालेले, आता साधे प्रतिनिधी. सत्तरीच्या घरातला म्हातारा. तो रोज काहीतरी खुसपट काढून एखादा अर्ज पुढं सरकवायचा. त्याला गप्प करता करता सगळं गृह घामाघूम. आणि ज्यांना गुलामांचं काही सोयरसुतक नव्हतं असे लोकही म्हणायला लागले, की आज यांचे अर्ज फेकलेत, उद्या आमचे फेकाल! फिलाडेल्फियात निघालेल्या त्या सोसायटीच्या १८३८ पर्यंत सुमारे साडेतेराशे शाखा झाल्या, अडीच लाखांच्या आसपास सभासद. १८४४ च्या डिसेंबरात तो नियम रद्द करावा लागला. सहीनं दिवा लगेच लागत नाही. पण अंधार कुणी केलाय ते दिसतं.”

“पैसे कुठून यायचे या सगळ्याला?”

“बाजार भरवून! बॉस्टनच्या बायका ख्रिसमसच्या सुमारास जत्राच लावायच्या. चॅपमनबाई सूत्रधार. लेखणी पुसायच्या फडक्यावर मजकूर भरलेला, की गुलामगिरीचा डाग पुसा. सुयांच्या पाकिटावर, की ही टोकं मालकांच्या मनाला टोचोत.”

“संक्रांतीच्या वाणावर असं काही भरलं तर?”

“आधी घरात कुणाला टोचेल ते बघ!” माई खदखदून हसल्या. “बरं, महाभारत ऐकायचंय ना? १८४०, सोसायटीची न्यूयॉर्कमधली वार्षिक सभा. त्या ॲबी केलीला कामकाज समितीवर घेतलं. झालं! काही पुरुष म्हणाले, बाई समितीत पुरुषांबरोबर बसणार? गॅरिसनला आधीच वास लागला होता. त्यानं मॅसॅच्युसेट्सहून आपली माणसं भरभरून आणली.”

“बस करून?”

“बोट करून! मतं मोजली, केलीच्या बाजूनं ५५७, विरुद्ध ४५१. आर्थर टॅपनचा भाऊ लुईस उठला, आपली मंडळी घेऊन बाहेर पडला आणि दुसरी सोसायटी काढली. त्याच उन्हाळ्यात लंडनला गुलामगिरीविरुद्धची जागतिक परिषद. अमेरिकेहून समुद्र ओलांडून मॉटबाई प्रतिनिधी म्हणून गेली, तर तिथं ठरलं, बायकांनी कठड्याच्या पलीकडं बसून ऐकायचं. गॅरिसन उशिरा पोचला आणि तोही पुरुषांत न बसता वर सज्जात बायकांजवळ जाऊन बसला. तिथंच मॉटबाईला एलिझाबेथ केडी स्टँटन भेटली, नुकतंच लग्न होऊन नवऱ्याबरोबर आलेली. या दोघींनी आठ वर्षांनी सेनेका फॉल्सला बायकांच्या हक्कांची परिषद घेतली.”

“म्हणजे दुसऱ्यांच्या बेड्या तोडायला गेल्या आणि स्वतःच्या दिसल्या.”

“बरोबर. पण त्यांच्यातही खोट होती हो. १८४१ मध्ये नँटकेट बेटावरच्या सभेत एक तरुण बोलला, फ्रेडरिक डग्लस. तीन वर्षांपूर्वी गुलामीतून पळून आलेला. लोक थक्क. मॅसॅच्युसेट्सच्या सोसायटीनं त्याला वक्ता म्हणून नेमलं. आणि त्याच्याच बाजूचे लोक त्याला काय सांगायचे? तू फक्त घडलेलं सांग, त्याचा अर्थ काय ते आम्ही बघतो. आणि इतकं शुद्ध बोलू नकोस, तू गुलाम होतास हे कुणाला पटणार नाही!”

“काय बाई माणसं!”

“चांगली माणसं होती गं. चांगल्या माणसांचंच हे दुखणं असतं. त्यानं १८४५ मध्ये मालकाच्या नावागावासकट आपली कहाणी छापली. मग पकडले जायची भीती, म्हणून ब्रिटनला गेला. तिथल्या स्नेह्यांनी पैसे भरून मालकाकडून त्याची सुटका करून घेतली. त्यावरही इकडं वाद, की माणसाची किंमत मोजणंच पाप, मग सोडवायला तरी का मोजली? परत येऊन डग्लसनं रॉचेस्टरला स्वतःचं वर्तमानपत्र काढलं, तर गॅरिसनला ते रुचलं नाही. पण अर्थ काय तो आता डग्लसच सांगायला लागला.”

उजेड सरला होता. सुपात पावट्याचे दाणे दिसेनासे झाले, तरी माईंची बोटं चालूच.

“यादवी युद्ध झालं, १८६५ मध्ये घटनेतूनच गुलामगिरी गेली. गॅरिसन म्हणाला, काम झालं, दुकान बंद. त्याचा जुना साथीदार वेंडेल फिलिप्स म्हणाला, काळ्यांना मताचा हक्क मिळेपर्यंत नाही. तो मिळाल्यावर १८७० मध्ये सोसायटी बंद झाली. आणि तीनच वर्षांनी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं. अर्पण कुणाला केलं? काळ्या लोकांना गुलामीतून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, म्हणजे पुन्हा—”

“साताराच!” मी म्हटलं. “द्या इकडं पेन.”

मी कागद खळग्यावर टेकवला आणि मोबाइलच्या उजेडात नावं वाचली. बावीस घरं, बावीस घरमालक. एवढ्यात मंगल पिशवी घेऊन बाहेर आली.

“जाते मी वैनी. अंधार झाला.” तिनंही मोबाइलचा दिवा लावला होता. तिचा मात्र रस्त्यासाठी.

मी तिच्याकडं बघितलं, मग कागदाकडं. “माई, हिची सही?”

माईंनी चष्मा काढला. पदरानं पुसला. बराच वेळ पुसला.

“सुचलंच नाही गं,” त्या म्हणाल्या.

“मी कशाला?” मंगल म्हणाली. “माझं काय घर हाय का हितं?”

“घर नाही, रस्ता आहे. रोज अंधारात तूच जातेस. ये, वाच.”

मंगलनं पिशवी खाली ठेवली. एकेका शब्दावर बोट ठेवून तिनं अर्ज वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बावीसपैकी कितीजणांनी तो वाचला होता देव जाणे. मग तिनं मान हलवली.

“माई, हे चुकलंय. तोंडाला दिवा काय करायचाय? तितं दुकानाचा उजेड असतो की दहापत्तोर. दिवा मधल्या वळणावर पायजे. भिताड हाय बघा, तितं. तितं मानूस उभा ऱ्हायला तरी दिसत न्हाई.”

कुंपणाच्या दोन्ही बाजूंना शांतता. मग माईंनी कागद मागून घेतला, उभाआडवा फाडला आणि सुपातल्या टरफलांवर टाकला.

“उद्या नवा लिहू,” त्या म्हणाल्या. “मंगल, तू सांग, मी लिहिते. पहिली सही तुझी.” मग माझ्याकडं वळल्या. “आणि बावीस घरं पुन्हा फिरायचीत. सकाळी साडेनवाला तयार राहा. स्वयंपाक उरकून!”